नवे डॉक्टर आणि त्यांची दत्तक कुटुंबे

वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थी आजार प्रथम पाहतो तो रुग्णालयाच्या खाटेवर. खाटेला क्रमांक असतो, उशाशी नोंदपत्रिका असते, तिच्यावर ताप, नाडी व रक्तदाब यांची टिपणे असतात. हा रुग्ण रुग्णालयात येण्यापूर्वी कोठे होता, त्याला येथे आणण्याचा निर्णय घरात कोणी घेतला, त्यासाठी किती दिवसांची मजुरी बुडाली आणि घरी परतल्यावर औषध चालू ठेवणे त्याला जमणार आहे काय, यांपैकी कोणत्याही प्रश्नासाठी त्या पत्रिकेत रकाना नसतो. पुढे हाच विद्यार्थी डॉक्टर होऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होतो, तेव्हा त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या बहुतेक अडचणी नेमक्या या नसलेल्या रकान्यांतील असतात. सपाट प्रदेशात सुमारे ३० हजार आणि आदिवासी व डोंगराळ भागात सुमारे २० हजार लोकवस्तीसाठी एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असे प्रमाण ठरलेले आहे. एवढ्या लोकसंख्येच्या आरोग्याचा विचार करण्याची सवय खाटांच्या रांगेत लागत नाही.

या उणिवेचे मोजमाप फार पूर्वी झालेले आहे. १९६१ मध्ये केर व्हाईट व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटन येथील माहितीच्या आधारे एक साधा हिशेब मांडला. एक हजार प्रौढ माणसे घेतली, तर एका महिन्यात त्यांतील सुमारे ७५० जणांना काही ना काही दुखणे होते. त्यांपैकी २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जण रुग्णालयात दाखल होतात, ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठविले जाते आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचतो तो केवळ एक. वैद्यकीय शिक्षण मात्र त्या एकाच्या आधारे दिले जाते. हे आकडे त्या देशांतील व त्या काळातील आहेत. महाराष्ट्रातील खेड्यात ते निराळे निघतील. परंतु उतरंडीचा आकार बदलेल असे मानण्याचे कारण नाही.

उलट, आपल्याकडे दवाखान्यापर्यंत न पोहोचणारा आजार किती मोठा असू शकतो, याचा पुरावा गडचिरोली जिल्ह्यानेच दिला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये तिचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक कोणता ना कोणता विकार असल्याचे आढळले. अशी तपासणी पूर्वी कधी झाली होती, अशा स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. बाह्यरुग्ण विभागातील नोंदवहीवरून या गावांचे आरोग्य ठरविले असते, तर तेथे स्त्रीरोग जवळजवळ नाहीच असा निष्कर्ष निघाला असता.

डॉक्टरांना समाजात नेऊन शिकवावे, हा विचार नवा नाही. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ च्या आपल्या अहवालात प्रत्येक डॉक्टरला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण मिळावे आणि त्यातून 'सामाजिक वैद्य' तयार व्हावेत, अशी शिफारस केली होती. पुढे महाविद्यालयांत या विषयाचे स्वतंत्र विभाग निघाले. १९७५ मध्ये डॉ. श्रीवास्तव समितीने वैद्यकीय शिक्षणाला ग्रामीण गरजांकडे वळविण्याचा आग्रह धरला. १९७७ पासून वैद्यकीय शिक्षणाच्या पुनर्रचनेची योजना सुरू झाली आणि महाविद्यालयांना फिरते दवाखाने देण्यात आले. या योजनेमागील हेतू चोख होता. परंतु अनेक ठिकाणी झाले ते असे की, गाडी गावाबाहेर उभी राहिली, दोन-तीन तास औषधे वाटली गेली आणि सायंकाळच्या आत गाडी शहरात परतली. विद्यार्थी गावात गेला खरा, पण घरात गेला नाही. रुग्णालयाचीच एक खोली चाकांवर बसवून आणली, तर तिच्यातून दिसणारे दृश्य फारसे पालटत नाही.

सेवाग्रामची पद्धत

याच काळात वर्धा जिल्ह्यात निराळा प्रयोग चालू होता. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. गांधीजींच्या निकटवर्ती वैद्य व माजी केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. सुशीला नायर या तिच्या संस्थापक होत. तेथे प्रवेश घेणारा विद्यार्थी शरीररचनाशास्त्राचे धडे घेण्यापूर्वी आश्रमात पंधरा दिवस राहतो. प्रार्थना, सूतकताई, श्रमदान व सफाई हा तेथील दिनक्रम असतो. शहरी घरांतून आलेल्या तरुणांना तो सुरुवातीस चमत्कारिक वाटला, तर नवल नाही. परंतु स्वतःचे ताट व स्वतःची जागा स्वच्छ करण्याची सवय पुढे दुसऱ्याच्या घरात पाहुणा म्हणून वावरताना उपयोगी पडते.

त्यानंतर प्रत्येक नव्या तुकडीसाठी परिसरातील एक गाव निवडले जाते. पहिल्याच वर्षी ही तुकडी त्या गावात पंधरा दिवस मुक्काम करते. प्रत्येक विद्यार्थ्याकडे चार-पाच कुटुंबे सोपविली जातात. घरातील माणसे, त्यांचे शिक्षण, शेती किंवा मजुरी, पिण्याचे पाणी, शौचालय, आहार आणि पूर्वीचे आजार यांची माहिती त्याने स्वतः घ्यावयाची असते. सर्वांची आरोग्य तपासणी होते. एवढ्यावर सारे संपले असते, तर इतर शिबिरांत व या शिबिरात फरक राहिला नसता. खरे शिक्षण त्यानंतर सुरू होते. कारण हा विद्यार्थी पुढील काही वर्षे दर महिन्यास त्याच कुटुंबांकडे जात राहतो. पहिल्या भेटीत पाळण्यात असलेले मूल त्याच्या डोळ्यांदेखत चालू लागते. गरोदर असलेली सून बाळंत होते. खोकणारे आजोबा एखाद्या भेटीच्या वेळी घरात नसतात आणि त्यांचे काय झाले, हे त्याला ऐकावे लागते. शिक्षणक्रमाच्या उत्तरार्धात आंजी येथील ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रात शिबिर होते. तेथे हाच विद्यार्थी कुटुंबाकडून आरोग्यव्यवस्थेकडे वळतो आणि उपकेंद्र, आरोग्य केंद्र व त्यांचे कार्यक्रम कसे चालतात ते पाहतो.

गाव व रुग्णालय यांचे नाते या संस्थेने आणखी एका मार्गाने जोडले. सुगीच्या वेळी ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावी आणि वर्षभर गावात व रुग्णालयात आरोग्यसेवेचा लाभ घ्यावा, अशी विम्याची योजना तिने आसपासच्या खेड्यांत चालविली. विमा हा शब्दही ज्या काळात खेड्यात कोणी उच्चारत नव्हते, त्या काळातील ही गोष्ट आहे. घरात रोकड नसते तेव्हाही धान्य असते, हे ज्याने गावात राहून पाहिले त्यालाच असे सुचू शकते.

घर हेच निदानगृह

कुटुंबात जाऊन शिकण्यासारखे असते तरी काय, असा प्रश्न महाविद्यालयातीलच काही अध्यापक करतात. त्याचे उत्तर विदर्भात सहज सापडणाऱ्या एका आजाराच्या आधारे देता येईल. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार तेथील आदिवासी व इतर काही समाजांत आढळतो. वेदनेने तळमळणारा, रक्त कमी झालेला मुलगा रुग्णालयात दाखल होतो. विद्यार्थी निदान शिकतो, उपचार शिकतो, आणि रुग्ण बरा वाटून घरी जातो. हा मुलगा विद्यार्थ्याच्या सोपविलेल्या कुटुंबातील असेल, तर मात्र धडा येथे संपत नाही. मुलाला आजार आहे, याचा बहुधा अर्थ असा की, आई व वडील दोघेही या दोषाचे वाहक आहेत. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास होत नाही, म्हणून ते दोघे कधी तपासून घेण्यास आलेलेच नसतात. दोघे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता चारांत एक, वाहक असण्याची चारांत दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारांत एक असते. तेव्हा धाकट्या भावंडांची तपासणी हवी. काका-मावश्यांना सांगावयास हवे. आई पुन्हा गरोदर असेल, तर तिच्याशी वेळेवर बोलावयास हवे. एका मुलाच्या रक्ताचा अहवाल हा प्रत्यक्षात साऱ्या घराचा अहवाल असतो.

आणि येथेच सर्वांत अवघड भाग सुरू होतो. घरातील सतरा-अठरा वर्षांची मुलगी वाहक निघाली. ती पूर्ण निरोगी आहे. तिचा विवाह वाहक नसलेल्या मुलाशी झाला, तर तिच्या मुलांना हा आजार होणार नाही. परंतु 'तिच्या रक्तात दोष आहे' एवढेच अर्धे वाक्य विद्यार्थ्याच्या वहीतून बाहेर पडून पारावर पोहोचले, तर तिचे लग्न मोडू शकते. दोषाची पाळी पुष्कळदा मुलीवरच येते. वाहक मुलाबद्दल तेवढी चर्चा होत नाही. हे ज्ञान कोणाला, केव्हा आणि कोणत्या शब्दांत द्यावे. आईसमोर द्यावे की मुलीला एकटीला. वही कोणाच्या हाती पडू द्यावी, हे सारे पाठ्यपुस्तकातील आकृतीवरून समजत नाही. ज्या घरात पुढच्या महिन्यात पुन्हा जावयाचे आहे, तेथे बोललेल्या शब्दाचे परिणाम पाहणे विद्यार्थ्याला चुकविता येत नाही. वैद्यकीय नीतीचे इतके प्रखर शिक्षण व्याख्यानगृहात मिळणे कठीण.

उच्च रक्तदाब व क्षयरोग यांची गोष्ट अधिक परिचित आहे. रक्तदाबाच्या गोळ्या बरे वाटताच बंद होतात. त्या बंद का झाल्या, हे विचारण्यापूर्वी त्या कोठून आणावयाच्या, एक खेप किती खर्चाची आणि ती कोणत्या वारी, हे विद्यार्थ्याने जाणले पाहिजे. क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिल्या दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढू लागते, आणि नेमक्या त्याच वेळी मजूर कुटुंब कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात निघून जाते. रुग्णालयाच्या भाषेत हा 'उपचार सोडलेला रुग्ण' होय. गावात राहिलेल्या विद्यार्थ्याला तो ऊसतोडीला गेलेला माणूस म्हणून ठाऊक असतो, आणि त्याची औषधे त्याच्यामागून पाठविता येतील काय, एवढा तरी विचार त्याच्या मनात येतो.

शिकविणारे कोण?

या शिक्षणात अध्यापक एकटा पुरा पडत नाही. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले, तेव्हा त्यांनी गावांनीच निवडलेल्या स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतील पुष्कळजणींना लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु कोणत्या घरात मूल जेवत नाही आणि का जेवत नाही, हे त्यांना डॉक्टरांपेक्षा चांगले ठाऊक होते. १९७९ मध्ये या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देशविदेशांतील डॉक्टर जामखेडला शिकण्यास येऊ लागले आणि त्यांना शिकविण्याच्या कामात याच स्त्रियांचा मोठा वाटा राहिला. आज प्रत्येक गावात आशा स्वयंसेविका आहे, अंगणवाडी सेविका आहे, उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. विद्यार्थ्यांची तुकडी गावात आली म्हणजे या स्त्रियांना घरे दाखविणाऱ्या वाटाड्या समजले जाते. त्यांना शिक्षिकेचे स्थान देऊन, विद्यार्थ्याच्या कामाबद्दल त्यांचे मत विचारले, तर शिक्षणाचा दर्जा निश्चित वाढेल.

गावात राहणाऱ्या डॉक्टरने विज्ञानाला काही द्यावयाचे नसते, अशीही एक समजूत आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. कोकणातील तांबड्या विंचवाच्या दंशाने मुले व तरुण माणसे दगावत होती. पाठ्यपुस्तकांत त्यावर नेमका उपाय नव्हता. रुग्णांच्या उशाशी बसून, तासातासाला नाडी व रक्तदाब टिपून त्यांनी या विषबाधेचा क्रम उलगडला आणि रक्तदाबासाठी वापरल्या जाणाऱ्या प्राझोसिन या औषधाने हे मृत्यू रोखता येतात, हे दाखवून दिले. त्यांचे निबंध 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात हा शोध लागणे अवघड होते. तेथे हे रुग्ण पोहोचतच नव्हते.

नवा नियम आणि जुनी भीती

सेवाग्रामसारख्या ठिकाणी जे परंपरेने चालत आले, ते २०२२ पासून देशातील सर्व वैद्यकीय महाविद्यालयांना लागू झाले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक कार्यक्रमाचा समावेश केला. २०२३ मध्ये ठरलेल्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षी नऊ, दुसऱ्या वर्षी दहा व तिसऱ्या वर्षी सात, अशा २६ भेटी आणि त्यांसाठी एकूण ७८ तास आहेत. पदवीनंतरच्या आंतरवासितेत बारा आठवडे सामाजिक वैद्यकासाठी राखलेले आहेत. शिवाय पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही जिल्हा पातळीवरील रुग्णालयांत तीन महिने काम करावे लागते.

प्रत्येक भेटीस तीन तास, हा हिशेब कागदावर पुरेसा दिसतो. त्यातून बसचा प्रवास, गावातील जमवाजमव व हजेरी वजा केली, तर घराच्या वाट्यास किती वेळ येतो, याचा विचार महाविद्यालयांनी करावयास हवा. सकाळी अकरा वाजता बस गावात पोहोचते. पावसाळ्यात त्या वेळी बाया निंदणाला गेलेल्या असतात, दिवाळीनंतर कापूस वेचणीला. घरी भेटतात ती म्हातारी माणसे व लहान मुले. वही मात्र भरावयाचीच असते. मग शेजाऱ्याला विचारून ती भरली जाते. कार्यक्रम कागदोपत्री पार पडतो आणि विद्यार्थी एकच गोष्ट पक्की शिकतो, की नोंदी अशा प्रकारे भरता येतात. हा धडा घेऊन बाहेर पडलेला डॉक्टर उद्या माता मृत्यूची नोंदही त्याच हाताने भरील. ही भीती क्षुल्लक नव्हे.

या ठिकाणी ग्रामपंचायतीचे महत्त्व येते. भेटीचा वार व वेळ महाविद्यालयाच्या वेळापत्रकाप्रमाणे न ठरता गावाच्या कामाप्रमाणे ठरावी, असा आग्रह सरपंच व सदस्यांनी धरण्यास हरकत नाही. एका रात्रीच्या मुक्कामासाठी शाळेची खोली किंवा समाजमंदिर उघडून दिले, तर संध्याकाळच्या एका फेरीत दिवसाच्या तीन फेऱ्यांहून अधिक माणसे भेटतात. ग्रामसभेत तुकडीची ओळख करून द्यावी. कोणती माहिती घेतली जाणार व ती कोणाला दाखविली जाणार नाही, हे त्याच सभेत सांगितले जावे. एखाद्या कुटुंबाने नकार दिला, तर तो मान्य करावा. दत्तक हा शब्द मोठा आहे, पण त्यामुळे कुटुंबाचा होकार गृहीत धरता येत नाही. शिक्षकांचा वाटा याहून लहान नाही. विद्यार्थ्यांनी शाळेत तपासलेल्या मुलांपैकी कोणाची दृष्टी अधू निघाली, कोणाचे रक्त कमी आढळले, आणि त्यांपैकी किती जणांना पुढे खरोखरच चष्मा वा औषध मिळाले, हे वर्षअखेर सांगू शकेल असा गावात वर्गशिक्षकाइतका दुसरा कोणी नसतो.

गावाने विद्यार्थ्यास आपली घरे शिकण्यासाठी उघडून द्यावीत, तर महाविद्यालयाने बदल्यात काय द्यावे, हेही आधीच ठरलेले बरे. तपासणीत आजार आढळला आणि पुढील उपचाराची सोय नसली, तर त्या तपासणीने घराला केवळ काळजी दिली. दत्तक कुटुंबातील रुग्ण मोठ्या रुग्णालयात आला, की त्याचा विद्यार्थी त्याच्याबरोबर खिडकीपासून तपासणीच्या खोलीपर्यंत चालत जावा, एवढी साधी व्यवस्थाही फार उपयोगाची असते. विद्यार्थ्यालाही आपलेच रुग्णालय रुग्णाच्या बाजूने कसे दिसते, हे त्या दिवशी कळते.

पदवीनंतर

या साऱ्या शिक्षणाचा पुढील धागा मात्र अद्याप सैल आहे. कुटुंबाचा सर्वांगीण वैद्य होऊ इच्छिणाऱ्या तरुण डॉक्टरला उच्च शिक्षणाची वाट अरुंद वाटते. सार्वजनिक आरोग्य व कुटुंबवैद्यक या शाखांकडे पदव्युत्तर जागांपैकी एकचतुर्थांश जागा जाव्यात, असे २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटले होते. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यानेही कुटुंबवैद्यकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना चालना देण्याचे काम संबंधित मंडळावर सोपविले आहे. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची या विषयातील पदविका अनेक वर्षे चालू आहे, आणि केरळमधील कोळिकोडसारख्या काही महाविद्यालयांत एम.डी.चा अभ्यासक्रमही निघाला. तथापि मूल, गरोदर स्त्री व वृद्ध यांना एकाच खोलीत तपासणारा डॉक्टर हाही तज्ज्ञच होय, हे समाजाने व खुद्द वैद्यकीय व्यवसायाने अजून पुरते मान्य केलेले नाही. काही वर्षे एका कुटुंबाशी नाते जोडावयास शिकलेल्या तरुणाला पदवीनंतर कोणताही एक अवयव निवडावा लागतो, ही विसंगती आहे.

ग्रामपातळीवर याहून तातडीचा प्रश्न तुकडी निघून जाण्याचा आहे. विद्यार्थी परीक्षा देऊन बाहेर पडतो. कुटुंब जेथल्या तेथे राहते. त्याच्या वहीतील रक्तदाबाची टिपणे, सिकलसेलचा अहवाल, बाळाच्या वजनाचा आलेख हे महाविद्यालयाच्या कपाटात गेले, तर पुढील वर्षी येणारा नवा विद्यार्थी तेच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारील आणि घरातील माणसे कंटाळून दार लोटून घेतील. म्हणून निरोपाच्या शेवटच्या भेटीत जुना व नवा विद्यार्थी दोघांनी मिळून घरी जावे, कुटुंबाच्या संमतीने आरोग्यविषयक टिपणांची एक प्रत उपकेंद्रातील आरोग्यसेविकेच्या स्वाधीन करावी आणि एक प्रत, समजेल अशा मराठीत लिहिलेली, त्या घरातच ठेवून यावी.